मामांचा स्त्रीपार्ट, रात्रीचा उजेड आणि फुल-फ्रेम कॅमेरा

पत्र:

नमस्कार सर. मी कुडाळ तालुक्यात प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे, वय ३८. माझे मामा गेली चाळीस वर्षं दशावतारात स्त्रीपार्ट करतात. आता ते ६१ वर्षांचे आहेत. गुडघे दुखतात, आणखी दोन-तीन हंगाम करीन म्हणतात. त्यांचे आणि कंपनीतल्या सगळ्यांचे नीट फोटो काढून ठेवायचे, पुढे त्यांचं प्रदर्शन करायचं, असं मनात आहे. माझ्याकडे निकॉन डी५३०० आहे, सोबत आलेल्या १८-५५ आणि ५५-२०० या दोन लेन्स आहेत. रात्रीचे फोटो हलतात, दाणेदार येतात. सर्व जण सांगतात, फुल-फ्रेम घे. दुकानदार ४५ मेगापिक्सेलचा दाखवतो आणि सोबत २४-७० एफ/२.८ घ्याच म्हणतो. भाचा म्हणतो, मोबाइल पुरे. शिक्षक पतपेढीतून दोन लाखांचं कर्ज मिळेल. घेऊ का? कोणता घेऊ? सोबत सहा फोटो पाठवले आहेत.

उत्तर:

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र वाचून लगेच उत्तर लिहायला बसलो नाही. आधी ते सहा फोटो संगणकावर मोठे करून पाहिले आणि प्रत्येकाची माहिती उघडली. फोटो कोणत्या शटर स्पीडला (म्हणजे सेकंदाच्या कितव्या भागात), कोणत्या अ‍ॅपर्चरला आणि किती आयएसओवर (म्हणजे मिळालेला उजेड किती वाढवून) काढला, हे फाइलमध्येच लिहिलेलं असतं. कॅमेरा बदलायचा विचार करणाऱ्या प्रत्येकानं दुकानात जाण्याआधी हे करावं, कारण आपलं नेमकं कुठे अडतंय ते तिथे दिसतं.

तुमच्या सहापैकी चार फोटोंची गोष्ट एकच आहे. लेन्स ५५-२००, झूम पूर्ण २०० वर, अ‍ॅपर्चर एफ/५.६, आयएसओ ६४००, शटर १/६० किंवा त्याहून कमी. मामा गिरकी घेतायत त्या फोटोत चेहरा पुसल्यासारखा झालाय, पण मागच्या मखराची किनार मात्र अगदी रेखीव आहे. म्हणजे तुमचा हात हलला नाही, मामा हलले. १/६० ला गिरकी थांबत नाही, त्यासाठी किमान १/२५० हवं. तुमच्या फोटोंचा पहिला आजार दाणे हा नाहीच. पहिला आजार आहे उजेड कमी पडणं, आणि तो कमी पडतोय लेन्सच्या बारीक तोंडामुळे. (अॅपर्चर म्हणजे हेच तोंड. एफचा आकडा जितका मोठा, तितकं तोंड बारीक.)

आता फुल-फ्रेम नेमकं काय देतो ते हिशेबानं पाहू. फुल-फ्रेम म्हणजे ३६ बाय २४ मिलिमीटरचा सेन्सर. हे माप जुन्या ३५ एमएम फिल्मचं. १९२५ मध्ये लायका बाजारात आला तेव्हा सिनेमाच्या फिल्मवरच्या दोन चौकटींची जागा एका फोटोला दिली गेली, आणि पुढे तेच माप सगळ्यांनी धरलं. तुमच्या डी५३०० चा सेन्सर २३.५ बाय १५.६ मिलिमीटरचा आहे. क्षेत्रफळ काढलंत तर फुल-फ्रेम साधारण २.३५ पट भरतो. तेच अ‍ॅपर्चर, तेच शटर ठेवलं तर तेवढा जास्त प्रकाश गोळा होतो. म्हणून फुल-फ्रेमवरचा आयएसओ ६४०० दाण्यांच्या बाबतीत तुमच्या आजच्या कॅमेऱ्यावरच्या २७०० सारखा दिसेल. फरक खरा आहे, डोळ्यांना दिसणारा आहे. पण एफ/५.६ चीच लेन्स लावून फुल-फ्रेम घेतलात तर शटर तिथेच, १/६० ला राहील. गिरकीतला चेहरा पुसलेलाच येईल, फक्त दाणे कमी असतील.

याउलट डी५३०० तोच ठेवून एफ/१.८ ची लेन्स लावलीत तर? एफ/५.६ च्या तुलनेत एफ/१.८ मधून जवळजवळ दहापट प्रकाश आत येतो. मग त्याच उजेडात शटर १/२५० वर नेता येतं आणि आयएसओ २८०० च्या आसपास उतरतो. कॅमेरा तोच, चेहरा रेखीव आणि दाणेही कमी. म्हणून माझं पहिलं सांगणं असं, की कर्जाचा अर्ज करण्याआधी एएफ-एस ५० एमएम एफ/१.८जी ही निकॉनची छोटी लेन्स घ्या. वजन १८५ ग्रॅम. वापरलेली, चांगल्या स्थितीतली सहज मिळते. घेताना नावात ‘जी’ आहे ना, हे पाहून घ्या. ‘५० एमएम एफ/१.८डी’ अशी जुनी लेन्स त्याहून स्वस्त मिळेल आणि विकणारा तीच गळ्यात मारेल. तिच्यात फोकसची मोटर नाही, आणि तुमच्या बॉडीतही नाही. हातानं फोकस करत बसावं लागेल, आणि रात्री चालत्या आख्यानात ते जमत नाही.

५० वर तुम्हाला २०० एवढं जवळचं दिसणार नाही, हे खरं. जवळ जावं लागेल. पण तुम्ही मामांची भाची आहात. मांडवात शेवटच्या रांगेत उभं राहून झूम करण्याची गरज पाहुण्या फोटोग्राफरला असते. तुम्ही आधी कंपनीच्या मालकांना आणि देवस्थानच्या मंडळींना विचारून बाकाच्या एका बाजूला, पेटीवाल्याच्या अलीकडे बसायची जागा मागून घ्या. चार-पाच मीटरवरून अर्धी आकृती ५० मध्ये छान बसते. प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर मात्र उभं राहू नका, आणि फ्लॅश तर नकोच. त्यानं पात्राचे डोळे दिपतात आणि रंगमंचावरचा सगळा उजेडच मरून जातो.

तुम्ही ‘घेऊ का’ असं विचारलंय. हो, घ्या. तुमचं काम खरोखर फुल-फ्रेम मागणारं आहे. रात्र, हलती पात्रं, काळ्या कपड्यातला संकासुर काळोखाच्या पडद्यापुढे, आणि शेजारी पांढराशुभ्र रंगवलेला चेहरा, हे सगळं एका चौकटीत. चेहरा जळू नये म्हणून एक्स्पोजर कमी ठेवायचं आणि नंतर संकासुराच्या कपड्यांच्या चुण्या अंधारातून वर काढायच्या, हे मोठ्या सेन्सरवर जास्त सोसतं. रॉ फाइलच, म्हणजे कॅमेऱ्यानं संस्कार न केलेली कच्ची फाइल, काढा, हे त्यासाठीच. लाल-निळ्या पार लाइटमध्ये (रंगमंचावरच्या झोताच्या दिव्यांत) तर लाल रंग कधी जळून सपाट होतो ते कॅमेऱ्याच्या पडद्यावर पटकन कळतही नाही. हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, तिन्ही रंगांचा वेगवेगळा लावून ठेवा.

मग लेन्स कोणती, या प्रश्नाकडे येतो. माझ्या मते सगळा निर्णय इथे आहे. दुकानदार सांगतोय ती २४-७० एफ/२.८ ही लग्नाच्या फोटोग्राफरची उत्तम लेन्स आहे. तुमच्यासाठी मी ती घेऊ नका म्हणतो. एफ/२.८ आणि एफ/१.८ यांच्यात प्रकाशाचा फरक २.४ पट आहे. छोट्या सेन्सरवरून फुल-फ्रेमवर जाण्यातला फरकही जवळजवळ तेवढाच आहे, हे लक्षात घ्या. म्हणजे फुल-फ्रेम बॉडीवर एफ/२.८ झूम लावली तर, रात्रीच्या हिशेबात, तुम्ही आज डी५३०० वर एफ/१.८ लावून जिथे पोचाल तिथेच कितीतरी जास्त पैसे देऊन पोचाल. फुल-फ्रेमवर एफ/१.८ लावलीत, तर आजच्या तुमच्या फोटोंपेक्षा बावीसपट प्रकाश हाती येतो. तिथे खरी मजल मारता येते.

मी हे स्वतः भोगलं आहे. पहिली फुल-फ्रेम बॉडी घेतली तेव्हा सगळे पैसे बॉडीतच गेले, आणि वर लावायला जुनी मंद झूम उरली. वर्षभर देवळातल्या कीर्तनांचे फोटो काढले. दाणे कमी झाले, पण बुवांचे हात पूर्वीसारखेच पुसट. दुसऱ्या वर्षी एका मित्राची ८५ एमएम एफ/१.८ एका रात्रीपुरती मागून आणली. त्या एका रात्रीत वर्षभराच्या फोटोंपेक्षा जास्त चांगले फोटो मिळाले.

एफ/१.८ चीही एक अडचण आहे, आणि ती कोणी आधी सांगत नाही. ८५ एमएम लेन्स, एफ/१.८, पात्र पाच मीटरवर, अशा वेळी फुल-फ्रेमवर स्पष्ट दिसणारा पट्टा अवघा ३७ सेंटिमीटर खोल असतो. एकटे मामा डोळे टिपत बसलेत, तिथे हे सोन्यासारखं काम करतं. पण राजा आणि राणी समोरासमोर उभे आहेत आणि एक जण वीतभर मागे आहे, तर एकाचा चेहरा धूसर होणार. तिथे एफ/२.८ किंवा एफ/४ करावंच लागतं. आणि एकदा तसं केलं की छोट्या सेन्सरच्या तुलनेतला फायदाही त्या मापानं आटतो. छोट्या सेन्सरवर जेवढी खोली मिळते तेवढीच फुल-फ्रेमवर हवी असेल तर अ‍ॅपर्चर साधारण सव्वा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) बारीक करावं लागतं, आणि मोठ्या सेन्सरनं दिलेला जादा प्रकाश तिथेच खर्च होतो. म्हणून दोन पात्रांचे संवाद शांत क्षणी टिपा, १/१२५ वर. युद्धाच्या नाचात एकाच पात्रावर लक्ष ठेवा आणि अ‍ॅपर्चर उघडं सोडा. कधी काय येणार हे तुम्हाला लहानपणापासून ठाऊक आहे. एवढी तयारी बाहेरून येणाऱ्या फोटोग्राफरजवळ नसते.

आता बॉडी. तुमच्यासाठी मी निकॉन झेड५ ची २०२५ मध्ये आलेली दुसरी आवृत्ती, झेड५-टू, निवडीन. २४ मेगापिक्सेल आहे, सेन्सर आजच्या पद्धतीचा आहे, कमी उजेडात चेहरा आणि डोळे पकडणारा फोकस तुमच्या आजच्या कॅमेऱ्यापेक्षा कितीतरी पुढचा आहे, बॉडीतच स्थिरीकरण आहे. (स्थिरीकरण तुमच्या हाताचं थरथरणं सावरतं, मामांची गिरकी थांबवत नाही. त्यावर भरवसा ठेवून शटर खाली आणू नका.) आणि माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दोन एसडी कार्डांची सोय. दोन्ही कार्डांवर एकाच वेळी फोटो लिहायला लावा. कार्ड मरतात. लग्नाचे फेरे निदान पुन्हा घालून दाखवतात लोक, पण मामांचा त्या रात्रीचा विलाप पुन्हा तसाच होणार नाही.

निकॉनच का? तुमच्या बोटांना त्याच्या चकत्या-मेनूची सवय आहे, आणि एफटीझेड-टू नावाचं अ‍ॅडॉप्टर लावलं की तुमची ५० एफ/१.८जी तिथेही आपोआप फोकस करते. त्याच अ‍ॅडॉप्टरवर वापरलेली ८५ एमएम एफ/१.८जी घ्या. ३५० ग्रॅमची लेन्स आहे, आणि जुन्या डीएसएलआरवाल्यांनी (आत आरसा असलेले, तुमच्यासारखे कॅमेरे वापरणाऱ्यांनी) विकायला काढलेल्या चांगल्या लेन्स बाजारात फिरत असतात. नवी झेड माउंटची, म्हणजे अ‍ॅडॉप्टरशिवाय थेट बसणारी, ८५ आणखी सरस आहे यात शंका नाही, पण ती कर्जाच्या बाहेर जाईल. ती नंतर. तुमची १८-५५ आणि ५५-२०० मात्र नव्या बॉडीवर सेन्सरचा मधला भागच वापरतील आणि साधारण दहा मेगापिक्सेलचे फोटो देतील. त्या डी५३०० वरच राहू द्या, आणि डी५३०० विकू नका. दुसरा कॅमेरा म्हणून तो रंगभूषेच्या जागी कामाला येईल.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. शून्यापासून सुरुवात असती तर सोनी ए७ मार्क फोरचं नाव मीही घेतलं असतं, कारण टॅमरॉन आणि सिग्माच्या लेन्सची सगळ्यात मोठी निवड त्या माउंटवर आहे. कॅननचा आर६ मार्क टू सुंदर कॅमेरा आहे, पण महाग पडेल. त्याचाच सेन्सर असलेला स्वस्त आणि हलका आर८ दुकानदार दाखवेल. त्यात कार्डाची जागा एकच, बॉडीत स्थिरीकरण नाही, बॅटरी लहान. दिवसा फिरायला उत्तम, रात्रभराच्या जत्रेला नाही.

४५ मेगापिक्सेलचा विचार सोडून द्या. २४ मेगापिक्सेलची फाइल ६००० बाय ४००० बिंदूंची असते, म्हणजे ३०० डीपीआयनं (इंचाला ३०० ठिपके) २० बाय १३ इंचांची प्रिंट निघते. प्रदर्शनाच्या भिंतीवर ती हात-दीड हातावरूनही उत्तम दिसते. ४५ मेगापिक्सेलच्या फाइल जवळजवळ दुप्पट जागा खातील, आणि एका जत्रेत तुम्ही हजारभर फोटो काढाल. तो पैसा दोन हार्ड डिस्कांना द्या, एक घरी आणि एक शाळेत किंवा बहिणीकडे.

भाच्याला सांगा की मोबाइल दिवसा पुरे आहे. रात्री तो पाठोपाठच्या अनेक चौकटी जोडून एक फोटो करतो. स्थिर मूर्तीला ते छान जमतं, गिरकीला नाही.

आता एका गोष्टीवर थोडा वेळ थांबतो, कारण नव्या मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यावर गेल्यावर पहिल्याच रात्री तुम्ही इथे अडकाल. या कॅमेऱ्यांत आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर असतं. विलापाच्या प्रसंगी खटखट नको म्हणून तुम्ही ते लावाल, आणि घरी येऊन पाहाल तर फोटोंवर आडवे काळपट पट्टे. कॅमेरा बिघडलेला नसतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. एलईडीचे पार लाइट तर मंद करताना त्याहून कितीतरी वेगानं बंद-चालू होत असतात. डोळ्यांना ते कळत नाही. इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये सेन्सर वरून खाली ओळीओळीनं वाचला जातो, त्याला काही शतांश सेकंद लागतात, आणि तेवढ्यात दिवा अनेकदा विझून पेटलेला असतो. वाचताना दिवा विझलेला असेल त्या ओळी काळ्या. म्हणून रात्री मेकॅनिकल शटरच वापरा. त्याचा आवाज तुमच्या डी५३०० च्या आरशाच्या खटक्यापेक्षा हळू आहे, आणि पखवाज वाजत असताना तो कोणाला ऐकूही जात नाही. लुकलुकण्याचा परिणाम टाळणारी फ्लिकर रिडक्शन नावाची सेटिंग चालू ठेवा. शांत प्रसंगात १/१०० किंवा १/५० वर आलात तर साध्या दिव्यांचं लुकलुकणं बहुतेक नाहीसं होतं, कारण त्या वेळात दिव्याचे पूर्ण फेरेच मोजले जातात. कॅमेरा घेतल्यावर हे घरी एकदा करून पाहा: एलईडी बल्बखाली भिंतीचा फोटो इलेक्ट्रॉनिक शटरवर १/१००० ला काढा, मग मेकॅनिकलवर काढा. शेजारी शेजारी ठेवून बघितलंत की कायमचं लक्षात राहील.

बॅटऱ्या दोन जास्तीच्या घ्याच. डी५३०० ची बॅटरी नव्या बॉडीत बसत नाही. मिररलेसमध्ये पडदा सतत चालू असतो, म्हणून पहाटे दहीकाल्यापर्यंत एक बॅटरी पुरत नाही. पॉवर बँकही जवळ ठेवा.

खरेदी अधिकृत विक्रेत्याकडून, पक्क्या जीएसटी बिलावर करा. बिलाशिवाय दहा-पंधरा हजारांनी स्वस्त देऊ केलेला कॅमेरा बहुधा बाहेरच्या देशातून आलेला असतो, आणि बिघडला की इथलं सर्व्हिस सेंटर वॉरंटीत हात लावत नाही. वापरलेली लेन्स घेताना मोबाइलचा टॉर्च लावून काचेतून आरपार बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी आहे, कितीही स्वस्त असली तरी सोडा.

बुरशीचं तर तुम्हाला कोकणात वेगळं सांगायला नको. पण तुमच्या कपाटातला कॅमेरा कातडी पाकिटात ठेवलेला असेल असा मला संशय आहे. कातडं ओल धरतं. ड्राय कॅबिनेट परवडेपर्यंत रबराच्या कडेचा घट्ट बंद होणारा मोठा डबा घ्या, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मधे राहू द्या. जेलच्या दाण्यांचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर तापवून ते पुन्हा वापरता येतात. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा लेन्स बाहेर काढून वापरा, उन्हात दहा मिनिटं फोटो काढलेत तरी चालेल.

पतपेढीच्या कर्जाबद्दल एक विनंती. ते आत्ताच काढू नका. ५० एफ/१.८ आधी घ्या आणि डी५३०० वर दोन-तीन जत्रा काढा. मग फाइलमधली माहिती पुन्हा उघडून बघा. आयएसओ ३२००-६४०० ला टेकतोय आणि शटर अजून अपुरं पडतंय, असं निम्म्याहून जास्त फोटोंत दिसलं, तर बॉडीचा हप्ता भरताना तुम्हाला पश्चात्ताप होणार नाही. तसं दिसेल असाच माझा अंदाज आहे. पण ते तुमच्या फोटोंतून तुम्हालाच कळू दे.

आणि या पत्रात तुम्ही ज्याबद्दल एक शब्दही लिहिला नाहीत त्याबद्दल. मामा स्वतःची रंगभूषा स्वतःच करत असणार. पेटाऱ्याजवळ आरसा घेऊन बसतात, ६१ वर्षांचा माणूस तासाभरात राणी होतो. त्या वेळी आरशापुढे त्यांच्यासाठीच एक दिवा लावलेला असतो, ते शांत बसलेले असतात, आणि ५० एमएम एफ/१.८ ला तेवढा उजेड भरपूर आहे. त्यासाठी नवा कॅमेरा लागत नाही, कर्ज लागत नाही, आणि जत्रांचा हंगामही लागत नाही. मामांना विचारा, घरी एखाद्या रविवारी दुपारी खिडकीपाशी बसून एकदा संपूर्ण रंग चढवून दाखवतील का. लेन्स हातात आली की त्याच रविवारी सुरुवात करा, आणि त्यातले दोन फोटो मला पाठवा.